मुलीचे मामा

मानपत्र लिहिण्याचं एक बरं असतं. ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूस आपल्याला माहीत नसला तरी काही अडत नाही. 'अष्टपैलू', 'निगर्वी', 'समाजाशी बांधिलकी' हे शब्द सैलसर झब्ब्यासारखे कुणालाही बसतात. विश्रामबागेतल्या कॉलेजात मी मराठी शिकवते, म्हणून आमच्या संस्थेची सगळी मानपत्रं गेली बावीस वर्षं माझ्याच गळ्यात पडत आली. साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य, दोन आमदार, एक डोळ्यांचे डॉक्टर, सगळ्यांना मी निगर्वी करून टाकलं. कुणाची तक्रार आली नाही.

तक्रार आली ती एकाच मानपत्राची, आणि नेमकं तेवढंच मी खरं लिहिलं होतं.

ते मानपत्र सदूतात्यांचं. तात्या माझे शेजारी. माधवनगरात आमच्या दोन घरांच्या मधे एक शेवग्याचं झाड आहे आणि ते कुणाच्या हद्दीत येतं हे अजून ठरलेलं नाही. तात्या कुस्तीचे निवेदक. आमच्या सातारा-सांगलीकडं जत्रेचं मैदान नुसत्या पैलवानांवर भरत नाही. हलगी लागते, आणि माईकवर बोलणारा माणूस लागतो. कोण कुणाशी लागलंय, कुणाचा वस्ताद कोण, आत्ता टाकला तो डाव कोणता, हे तो असं सांगतो की पार कडेला बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा कुस्ती दिसते. तात्या त्यातले मोठे. मोठे म्हणजे किती, तर पूर्व भागातली गावं मैदानाची तारीख धरताना पैलवानांच्या आधी तात्यांना फोन करायची. आता तर त्यांचे व्हिडिओ निघतात. दुबईला नोकरीला गेलेली आमच्याकडची पोरं जेवताना तात्यांचं निवेदन लावतात, असं एका विद्यार्थ्याच्या आईनं मला सांगितलं.

माईक हातात आला की हा माणूस सुटायचा. "आरं धरलं, धरलं! पट काढला! आता उठतोय का बगा, उठतोय का... उठला रं गडी! टाळ्या कुठायत? हात काय घरी इसरून आलाय व्हय? ओ मुंडाशेवालं, तुमी बसा खाली, तुमच्या मागं बी माणसंच बसल्यात!" हे असं सलग सहा-सात तास. जिंकलेल्या पैलवानाचं नाव ते एकदा घेत. हरलेल्याचं मात्र तीनदा, गावासकट आणि वडलांच्या नावासकट. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जितल्याला लोक खांद्यावर घेत्यात, बाई. हरल्यालं पोरगं कडंला एकलंच कापडं गोळा करत असतंय. तवा त्याच्या कानावर आपलं नाव पडलं पायजे. न्हाईतर ते पुन्यांदा आखाड्यात येतच न्हाई."

एका गावात (नाव सांगत नाही, तिथं माझी नणंद दिलीय) निकालावरून दोन आळ्या समोरासमोर आल्या. हातात घेतलेले दगड मी स्वतः पाहिले. पंच मुकाट्यानं तंबूत शिरले. तात्यांनी माईक घेतला आणि अगदी गंभीर आवाजात सांगितलं, "एक सूचना. मैदानात एक कवळी सापडल्याली हाय. वरची. ज्यांची आसंल त्यांनी हिकडं यावं, हसून ओळख पटवावी आन् घिऊन जावी." सगळं मैदान हसून फुटलं. दगड उगारलेला एक जण हसता हसता खाली बसला. तात्यांनी तेवढ्यात पुढची जोड पुकारली, हलगी सुरू झाली आणि भांडण राहिलं बाजूला. कवळी बिवळी काही सापडलेली नव्हती.

घरी मात्र हा माणूस जवळजवळ अबोल. गळा जपायचा म्हणून. दही नाही, बर्फ नाही, भर मे महिन्यात मफलर. भाजीवाल्याला टाळी वाजवून थांबवायचे. ओरडायचं काम सगळं इंदूकाकूंकडं, म्हणजे त्यांच्या बायकोकडं, आणि काकूंनीही ते कधी अंगाबाहेर टाकलं नाही. मैदानात तात्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा असायचा, वर तुरा. फेटा उतरवला की खाली तुळतुळीत टक्कल आणि कुणाच्याही चुलत्यासारखा चेहरा. फेट्याशिवायचे तात्या एसटीत माझ्या शेजारच्या बाकावर बसले, तरी मला दोनदा बघावं लागायचं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं लग्न जमवताना मुलीकडच्यांना पहिल्या पाच प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला: मामा कुठले? आजोळ धड असेल तर आई धड, आणि आई धड तर मुलगी धड, अशी ती समजूत. पुढं लग्नात गुरुजी माईकवरून हाक देतात, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." मग मामानं भाचीला हाताला धरून आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. ज्या बाईला माहेर उरलेलं नाही, ती त्या हाकेसाठी मामा शोधत फिरते. लग्नाच्या सहा महिने आधीपासून फिरते.

माधवनगरात सूतगिरण्या होत्या, माग होते, त्यामुळं अशा एकट्या बायका पुष्कळ. कुणी मनानं लग्न केलेली, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणाच्या भावांनी जमिनीवर सही घेऊन दार लावलेलं. पडेल ते काम करून लेकी शिकवलेल्या. अशा बायकांचे तात्या भाऊ व्हायचे आणि त्यांच्या लेकींचे मामा. किती लग्नांत उभे राहिले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी मोजलं नाही. आदल्या दिवशी मामाकडची म्हणून पिवळी साडी घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी पोरीला आणायचे, मागं उभे राहायचे. पण त्यांचं खरं काम त्यानंतरचं. दर दिवाळीनंतर तात्यांची आठवडाभर फिरती असे. एकेका भाचीच्या सासरी जायचं, अर्धा तास बसायचं, चहा प्यायचा, यायचं. "मागं माणूस हाय म्हटलं की सासरची जरा जपून बोलत्यात," म्हणायचे. "बाकी काय करायचं नसतंय. नुसतं दिसायचं असतंय."

या कामातली पहिलीच फेरी त्यांनी घालवली होती. ती हकीकत इंदूकाकू आजही दात-ओठ खाऊन सांगतात. तात्या फेटा बांधून लग्नाला गेले. नवऱ्याच्या चुलत्यानं ओळखलं. "आवं, सदूतात्या! एक झलक हुं द्या की!" आणि हातात माईक दिला. माईक दिल्यावर तात्या थांबतात होय? बँडवाल्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची कुस्ती लावली. मांडव हसून हसून लोळला. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी हार घेऊन ताटकळली, मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली, आणि नवरी रडतेय हे फक्त काकूंना दिसलं. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर तात्यांनी नियम केला: भाचीच्या लग्नात आणि भाचीच्या सासरी फेटा नाही, आणि तोंडातून शब्द नाही. आवाज निघाला की लोक आपल्याकडं बघणार, पोरीकडं नाही.

या नियमातून वाईचं प्रकरण झालं.

आमच्या घरामागच्या खोलीत कुसुम भाड्यानं राहायची. मागावर कामाला. तात्यांच्याच पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, गावं शेजारची, बोलीही तीच. एकोणिसाव्या वर्षी परजातीच्या ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून आली, आणि घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. पुढं ड्रायव्हर अपघातात गेला. एक मुलगी, स्वाती, बारावीला माझ्या वर्गात होती. हुशार, आणि नाकावर राग. लॅबमधलं रक्त तपासायचं शिक्षण घेऊन नोकरीला लागली आणि वाईचं स्थळ आलं. मुलगा चांगला. सासू विधवा, घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारी, बोलायला तिखट. तिनं पहिल्या बैठकीत विचारलं, "मामा कुठलं?" आणि कुसुमनं सरळ, कोपऱ्यात तोंड मिटून बसलेल्या तात्यांकडं बोट दाखवलं. "ह्यो माझा थोरला भाऊ."

तात्यांना ते रुचलं नाही. इतर ठिकाणी ते 'मानलेला मामा' म्हणूनच जात. घरी आल्यावर कुसुमला म्हणाले, "मानलेला म्हणून सांग. खोटं अंगाशी येतंय." कुसुमनं हात जोडले. "तात्या, मानलेला म्हणलं की पुढचा प्रश्न, सख्खा कुठाय? त्याला काय सांगू?" तात्या कबूल झाले. पण तेव्हापासून एक धास्ती त्यांच्या मनात बसली. हे उद्या उघडं पडलं, तर बोल कुसुमला नाही, सासरी नांदणाऱ्या पोरीला बसणार होते.

वाईच्या त्या लग्नाला मी होते. तात्या फेट्याविना, तोंड मिटून. सासूनं त्यांना काहीतरी दोनदा विचारलं. तात्यांनी नुसतं गळ्याला हात लावून मान हलवली. सासूच्या चेहऱ्यावर एकदम कणव आली. शेजारच्या बाईला म्हणाली, "मामा मुका हाय बिचारा." आणि मुका म्हणजे बहिराही असणार असं धरून ती तात्यांशी खच्चून ओरडून आणि हातवारे करून बोलायला लागली. "जेवलात काऽऽ?" तात्यांनी पोटावर हात फिरवला. दुसरं काय करणार?

पुढं चार दिवाळ्या हे नाटक चाललं. ज्या आवाजासाठी माणसं वीस-वीस कोस चालत यायची, तो आवाज वाईच्या त्या दुकानामागच्या खोलीत सोफ्यावर अर्धा तास मूग गिळून बसायचा, आणि सासू त्याच्या कानाशी ओरडून पेढ्याचा आग्रह करायची. वाईहून आले की तात्या घामेघूम. "बाई, धा तास माईकवर बोललो तरी एवढा दमत न्हाई," म्हणायचे.

आणि मग आमच्या संस्थेच्या विद्यापीठानं तात्यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं. कुलसचिवांचा मला फोन. "मॅडम, नुसत्या कुस्तीच्या बोलण्यावर पदवी दिली म्हटलं तर लोक नावं ठेवतील. समाजकार्याचा एक परिच्छेद दणदणीत हवा." मला तरी दुसरं काय हवं होतं? 'माहेर हरवलेल्या कितीतरी भगिनींना भाऊ आणि त्यांच्या लेकींना मामा लाभला, तो आपल्या रूपाने,' असं मी लिहिलं. बावीस वर्षांत प्रथमच मानपत्र लिहिताना माझे डोळे भरून आले. चौकटीत मजकूर मावतो का ते बघा, म्हणून ऑफिसला व्हॉट्सॲपवर लगेच पाठवूनही दिलं.

संध्याकाळी तात्यांना वाचून दाखवलं. ते मफलर गुंडाळून ऐकत होते. मामाचं वाक्य आलं तसा हात वर केला.

"ते काढा."

"का? खरंच तर आहे."

"खरं हाय म्हणूनच काढा. आवं बाई, ह्ये फ्रेममदी जाणार, पेपरात छापणार. वाईत पेपर येत न्हाई व्हय? पोरींच्या सासरी मी कसाबसा मामा झालोय. तुमी त्याचं समाजकार्य केलं, तर त्या अनाथ ठरल्या की वो."

मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. मी तो परिच्छेद काढला, त्या जागी शालेय कुस्त्यांना दिलेल्या प्रोत्साहनाबद्दल काहीतरी गुळगुळीत घातलं आणि दुसरी प्रत ऑफिसला पाठवली. ती कुणी उघडलीच नाही. पहिली छापायला गेली होती. एक फोन करून मी खात्री करायला हवी होती. केली नाही. चूक माझी, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. तात्यांना काळा झगा घातला होता, त्याला लाल पट्टी. चौकोनी टोपी घालायला त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा वर फेटाच ठेवला. मी तिसऱ्या रांगेत. सहज मागं वळून पाहिलं, तर पाचव्या रांगेत कुसुम, तिच्या शेजारी स्वाती, आणि स्वातीच्या शेजारी वाईची सासू, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. तात्यांनी त्यांना बोलावलं असणं शक्य नव्हतं. मी कुसुमकडं डोळे मोठे करून पाहिलं. तिनं नजर चुकवली. व्यासपीठावर तात्यांनाही त्या दिसल्या असाव्यात, कारण त्यांनी फेटा कपाळावर खाली ओढून घेतला.

मानपत्र वाचायला एक गोड आवाजाच्या प्राध्यापिका उभ्या राहिल्या. तिसरा परिच्छेद मी काढून टाकलेला तोच निघाला. 'माहेर हरवलेल्या कितीतरी भगिनींना...' तात्यांनी व्यासपीठावरून माझ्याकडं पाहिलं. असं माझ्याकडं आजवर कुणी पाहिलेलं नाही. टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनी संस्थेचे अध्यक्ष भारावले. वक्त्यांच्या यादीत नसताना उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "सदूतात्यांच्या या भाच्यांपैकी कुणी सभागृहात असतील, तर त्यांनी उभं राहावं. आपण त्यांचंही स्वागत करू."

स्वातीनं पुढच्या खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि ती अर्धी उठली.

"थांबा! थांबा!" तात्यांनी अध्यक्षांच्या हातातून माईक जवळजवळ ओढून घेतला. "निकाल चुकला! पंचांनी घाई केली!" सभागृह हसलं. "ज्यानं कुणी ह्यो कागद लिवलाय, त्यानं मला कुस्ती न करताच जितवलंय. मला भाच्या बिच्या कोण न्हाईत." लोक आणखी हसले. अध्यक्षही हसले. स्वाती अर्धवट उभीच होती. तात्यांना ती दिसत होती. मग त्यांचा आवाज बदलला. हा आवाज मी मैदानात कधी ऐकला नव्हता आणि घरीही नाही.

"खरं सांगतो. मला बहीण एकच हुती. तिनं आपल्या मनानं लगीन केलं, म्हणून आमच्या बानं तिला तोडली. तिच्या लेकीच्या लग्नादिवशी मी चार कोसांवर मैदानात माईक धरून बसलो हुतो. बाला भिऊन गेलो न्हाई. गुरुजीनं मामाला तीन हाका मारल्या म्हणं. शेवटाला बँडमधल्या सनईवाल्यानं पोरीला हाताला धरून आणली. असल्या माणसाला मामा म्हणत्यात व्हय?" त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "तवा कोण उभं राहू नका. जी उभी राहील तिचा आन् माझा काय संबंध न्हाई."

हे शेवटचं ते थेट स्वातीकडं बघून म्हणाले. ती खाली बसली. तात्यांनी लगेच झग्याची बाही झटकली. "आता वाजवा टाळ्या, उकडाय लागलंय मला." लोकांना हसायला निमित्तच हवं होतं. ते हसले, टाळ्या वाजल्या, पदवी देऊन झाली.

अठरा वर्षं मी या माणसाच्या शेजारी राहते. बहीण होती हे मला माहीत नव्हतं.

त्या बोलण्याचा व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडं गेला. खाली लोकांनी जे लिहिलं ते मी वाचलं आणि मग वाचायचं बंद केलं. बहिणीच्या पोरीला वाऱ्यावर सोडणारा म्हणे मानद डॉक्टर! खोटं समाजकार्य दाखवून पदवी उकळली, असंही कुणी म्हणालं. एका गावानं ठरलेल्या मैदानाची तारीख रद्द केली. मला ऑफिसकडून पत्र आलं: मानपत्रातील चुकीच्या माहितीबाबत लेखी खुलासा करावा. 'माहिती ऐकीव होती,' असा मी खुलासा केला. लिहिताना लाज वाटली, पण दुसरं काही लिहिलं असतं तर तात्यांनी मोजलेली किंमत पाण्यात गेली असती.

तात्या मात्र निवांत. "बरं झालं की वो. मामा खोटा, म्हटलं लोकांनी. म्हंजे कुठल्या पोरीचं नाव तर न्हाई निघालं?" मैदान रद्द झालं त्या दिवशी ते शेवग्याला पाणी घालत होते.

आठ-दहा दिवसांनी स्वातीचा फोन आला. रागानं आवाज कापत होता. "मॅडम, मामा रविवारी घरी आहेत का, तेवढं सांगा."

"आहेत. अगं, पण तू रागावू नकोस. तुझ्यासाठीच त्यांनी..."

"माझ्याकडं बघून म्हणाले, संबंध नाही! पाचशे माणसांत! मॅडम, सासूबाईंना सगळं माहितीय. लग्नानंतर सहा महिन्यांत मीच सांगितलं. त्या रोज देवापुढं बसून मुक्या मामाला वाचा येऊ दे म्हणायच्या. किती दिवस ऐकून घेणार मी?"

रविवारी स्वाती आणि सासू, दोघी आल्या. मला बोलावणं नव्हतं, तरी मी गेले. तात्या बनियनवर बसले होते. सासूला दारात बघितलं आणि सवयीनं त्यांचं तोंड गपकन मिटलं. सासू समोर खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता हळू बोलतीय, दादा. ऐकू येतंय न्हवं?"

आतून इंदूकाकूंना हसू फुटलं. तात्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"चार वर्सं तुमच्या कानाशी वरडून माझा घसा गेला," सासू म्हणाली. "पोरीनं मला सांगितलं तवाच मी म्हणलं, त्यास्नी कळू देऊ नको. येत्यात, बसत्यात, पोरीला तेवढंच बरं वाटतंय. आमाला समाजलंय म्हणलं तर लाजून यायचे बंद हुतील. तुमी खोटं बोलून सोयरीक केली, त्याचा राग कवाच गेला. पण परवाचा हाय. सगळ्या लोकांत आमच्या सुनेला आजोळ न्हाई म्हणून सांगितलंत. आमी वाईवरनं कशाला आलो हुतो? कुसुमताईला बी सगळं ठावं, तिनंच सांगितलं तुमचा सत्कार हाय, म्हणून आलो. ती उभी राहणार हुती, आन् तिच्या शेजारी मी."

तात्यांनी खुंटीवरचा सदरा ओढून अंगात घातला. स्वाती दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती.

"मी उठले होते," ती म्हणाली. "तुम्ही बसवलंत."

"व्हय," तात्या म्हणाले. "चुकलं पोरी माझं. मला वाटलं, तुझं घर मोडतंय."

"माझं घर एवढं तकलादू नाही, मामा."

इंदूकाकूंनी पानं वाढायला घेतली. जेवताना सासूनं तात्यांना हळू आवाजात दुसऱ्या चपातीचा आग्रह केला आणि तात्यांनी आधी मान हलवली, मग आठवण होऊन "बास" म्हणाले. त्यांनी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

संध्याकाळी दोघींना सोडायला आम्ही सांगलीच्या स्टँडवर गेलो. निघताना तात्यांनी फेटा बांधला. काकू दारात म्हणाल्याही, "आवं, लोक वळखतील." तात्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

साताऱ्याची गाडी लागली होती. रविवार म्हणून गर्दी. स्वातीला खिडकीची जागा मिळाली, सासू तिच्या पलीकडं. तात्या खिडकीचा गज धरून खाली उभे. "दिवाळीला येतो," एवढंच म्हणत होते, तेही दोनदा. मी थोडी मागं, पिशव्या दिल्यावर मोकळी.

तेवढ्यात तीन-चार तरण्या पोरांनी त्यांना हेरलं. "ए, सदूतात्या रं! आवं तात्या, डॉक्टर झालाय म्हणं!" एकानं मोबाईल वर धरला. दुसरा म्हणाला, "तात्या, एक पुकारा हुं द्या की, लय दिवस झालं!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. व्हिडिओ यांनीही पाहिलेला असणार. त्यांच्या हसण्यातच ते दिसत होतं.

गाडी सुरू झाली. तात्यांनी गज सोडला नाही, दोन पावलं गाडीबरोबर चालले. पोरांकडं बघितलं नाही. पण बोलले ते मैदानातल्या आवाजात, माईक नसताना, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं.

"आज न्हाई रं गड्या. भाचीला सोडायला आलोय."